वर अकरा, खाली वीस

कलवरी वर्गातल्या पाणबुडीचा पाण्यावरचा वेग ११ नॉट आणि पाण्याखालचा २० नॉट. तिच्याविषयी आजवर छापून आलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा मला हे दोन आकडे जास्त बोलके वाटतात. १८९९ साली फ्रान्सच्या शेर्बूर गोदीत पाण्यात उतरलेल्या ‘नार्वाल’ या पाणबुडीचे आकडे याच्या बरोबर उलटे होते. वर जवळपास १० नॉट, खाली ५ च्या जरा वर. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेल्या सहा कलवरींचा मूळ आराखडाही फ्रेंचच, ‘स्कॉर्पिन’ नावाचा. त्या आराखड्याची पहिली बोट चिलीच्या नौदलासाठी बांधली गेली आणि तीही शेर्बूरहूनच पाण्यात उतरली. म्हणजे घराणं एक, आणि मधल्या शंभर वर्षांत चाल पार उलटी झालेली. ती का उलटली, हे समजून घेताना कलवरीची सगळी घडण डोळ्यांपुढे येते.

आधी तिचं रूप पाहू. ६ एप्रिल २०१५ रोजी, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, कलवरी गोदीच्या छपराखालून तराफ्यावर बाहेर आली. त्या दिवसाची छायाचित्रं मिळाली तर जरूर पाहावीत, कारण पाणबुडीचं अख्खं अंग असं उघड्यावर फार थोडा काळ दिसतं. एकदा पाण्यात गेली की दिसते ती फक्त काळी पाठ आणि वरचा उभा पंख. ६७.५ मीटर लांबी, ६.२ मीटर व्यास. पुढचं तोंड बोथट, गोल. मागे अंग हळूहळू निमुळतं होत एका पंख्यापाशी संपतं. युद्धनौकेला लाट चिरायला सुरीसारखं धारदार नाक असतं, तसलं इथं काहीच नाही.

हे बोथट तोंड हीच या रचनेची पहिली ओळ. पृष्ठभागावर चालणाऱ्या जहाजाची बरीचशी ताकद लाटा उठवण्यात खर्ची पडते, म्हणून त्याला धार लागते. खोल पाण्यात लाटा उठतच नाहीत. तिथं अडवतं ते अंगाला घासणारं पाणी आणि मागे उठणारे भोवरे. भोवरे टाळायचे तर पुढून गोल आणि मागून निमुळतं अंग लागतं. कलवरीच्या आरेखकांनी पृष्ठभागावरच्या सोयीवर जवळजवळ पाणी सोडलं आणि सारं लक्ष खोलीवर दिलं. त्यामुळे वर आली की ती तोंडापुढे पाण्याचा ढीग लोटत जड चालीने जाते. खाली गेली की तासाला ३७ किलोमीटर धावू शकते.

मिरजगावात बसून पाणबुडीवर लिहिणं कुणाला अजब वाटेल. आमचं गाव नगर-सोलापूर रस्त्यावरचं, पावसाने हात आखडता घेतलेल्या पट्ट्यातलं. समुद्र इथून दोनशे किलोमीटरहून लांब. पण खोल पाण्यात यंत्र सोडणं हा आमच्याकडचा रोजचा मामला आहे. बोअरची मोटर खाली सोडण्याआधी मिस्त्री तिच्यात स्वच्छ पाणी भरून घेतो. विजेच्या मोटरीत पाणी भरतात हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. त्यामागचा हिशेब मात्र सरळ आहे. आतही पाणी, बाहेरही पाणी, दोन्हीकडचा दाब सारखा, त्यामुळे खोल गेल्यावर पत्रा चेपायचा प्रश्नच उरत नाही. जिथं हवा कोंडलेली असेल तिथंच बाहेरचं पाणी जीव खाऊन दाबतं.

नार्वालची सगळी करामत याच हिशेबावर उभी आहे. १८९६ साली फ्रान्सचे नौदलमंत्री एदुआर लोक्रुआ यांनी एक खुली स्पर्धा जाहीर केली. वजन २०० टनांच्या आत, पृष्ठभागावर १०० मैलांचा आणि पाण्याखाली १० मैलांचा पल्ला, एवढी मागणी. या स्पर्धेत माक्सिम लोबफ या नौदलातल्या इंजिनिअरचा आराखडा पहिला आला. तोवरच्या फ्रेंच पाणबुड्या म्हणजे आतून पोकळ, बाहेरून एकच कवच असलेली नळकांडी होती. दाब सोसायचा त्याच कवचाने, पाणी कापायचं त्यानेच, आणि बुडण्यासाठी पाणी घ्यायचं तेही त्याच्याच पोटात. लोबफने ही कामं वाटून दिली. आत जाड पोलादाचं गोल नळकांडं, ज्यात माणसं, यंत्रं आणि हवा. त्याच्याभोवती पातळ पत्र्याचं दुसरं अंग, ज्याचा आकार थेट टॉर्पेडो बोटीसारखा. दोहोंच्या मधल्या जागेत पाण्याच्या टाक्या. वर असताना त्या रिकाम्या, आणि बोट साध्या बोटीसारखी लाटांवर स्वार होते. बुडायचं ठरलं की टाक्यांत पाणी घ्यायचं. एकदा त्या भरल्या की बाहेरच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब, म्हणून तो पातळ असला तरी चालतो. ताकद आतल्या अंगाकडे, रूप बाहेरच्या अंगाकडे. इतकी स्वच्छ वाटणी करणारा आराखडा मला तरी यंत्रांच्या दुनियेत क्वचित दिसला आहे.

या वाटणीचा मोठेपणा कळायला ‘जिम्नोत’ आठवावी लागते. १८८८ च्या सप्टेंबरात तुलाँ इथं पाण्यात उतरलेली ही फ्रेंच बोट केवळ १७.८ मीटर लांब, सुमारे ३० टनांची. वीजमोटर ५५ अश्वशक्तीची आणि तिला पुरवठा करणारे बॅटरीचे ५६४ घट. पाण्याखाली विजेवर चालणं जमतं हे तिने दाखवून दिलं आणि पुढे शेकडो डुबक्या मारल्या. पण घट रिकामे झाले की ते भरायचं साधन बोटीवर नव्हतं. बंदर सुटलं की परतीची घाई लागलीच. लोबफने नार्वालमध्ये तेलावर चालणारं वाफेचं इंजिन बसवलं. वर असताना बोट त्यावर पळायची आणि त्याच इंजिनावर समुद्रातच बॅटऱ्या भरून घ्यायची. खाली गेली की वीजमोटर. दोन अंगं आणि दोन इंजिनं. आजची प्रत्येक डिझेल-विद्युत पाणबुडी, आपली कलवरीसुद्धा, यातली दुसरी जोडी अजून चालवते आहे.

नार्वालचं दुखणंही याच वाफेत होतं. बुडायच्या आधी भट्टी विझवायची, धुराडं खाली घेऊन त्याचं तोंड पक्कं बंद करायचं, वाफ निवू द्यायची, मग टाक्या भरायच्या. सुरुवातीला या सगळ्याला २१ मिनिटं लागत. शत्रूची नौका क्षितिजावर दिसल्यावर २१ मिनिटं फार होतात. शिवाय भट्टी विझली तरी उष्णता आतच राहते, आणि १३ माणसं त्या तापलेल्या, बंद नळकांड्यात. १९०१ साली लोबफच्याच आराखड्याच्या चार बोटी शेर्बूरहून निघाल्या: सिरेन, त्रितों, एस्पादों आणि सिल्यूर. एका आराखड्याच्या अनेक बोटी, म्हणजे ज्याला आपण ‘वर्ग’ म्हणतो, ही तो आराखडा प्रयोगाच्या टप्प्यातून बाहेर आल्याची खूण होती. वाफ यांच्यातही होती, पण बुडायचा वेळ बराच खाली आला. १९०४ मध्ये लोबफने ‘एग्रेत’मध्ये डिझेल इंजिन घातलं आणि भट्टीचा प्रश्न मुळापासून सुटला. पहिल्या चुकीचं उत्तर त्याच माणसाने शोधावं, तेही पाच वर्षांत, हे मला त्याच्या पहिल्या आराखड्याइतकंच थोर वाटतं.

आता वजनांकडे या. नार्वाल पाण्यावर ११७ टन, बुडाल्यावर २०२ टन. मधले ८५ टन म्हणजे टाक्यांत घेतलेलं पाणी. बुडालेल्या वजनाच्या ४२ टक्के. कलवरी पाण्यावर १,६१५ टन, बुडाल्यावर १,७७५. फरक १६० टनांचा, म्हणजे जेमतेम ९ टक्के. लोबफला खवळलेल्या समुद्रात उंच तरंगणारी बोट हवी होती, म्हणून त्याने तरंगण्याची मोठी गंगाजळी बाळगली. कलवरीला तरंगून राहायचंच नाही, तेव्हा एवढी गंगाजळी बाळगणं म्हणजे खाली नाहक पाणी ओढत फिरणं. म्हणून लोबफचं दुसरं अंग इथं बहुतांशी गळून पडलं आहे. मधल्या बऱ्याच भागात दाब सोसणारं पोलादच थेट समुद्राला भिडतं आणि बुडायच्या टाक्या पुढच्या-मागच्या टोकांना जातात. ज्या कल्पनेने हे घराणं मोठं झालं तीच टाकून द्यायची हिंमत घराण्यातल्याच पुढच्या माणसांनी दाखवली.

दुसरं अंग गेल्यावर सगळा भार एका नळकांड्यावर येतो. दर १० मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब वाढतो. ३०० मीटरवर तो ३० किलो. म्हणजे १० सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनावर तीन टन. हा भार गोल पोलाद सहज पेलतं, कारण गोलावर सगळीकडून सारखा दाब आला की पोलाद फक्त चेपलं जातं, वाकत नाही. गोलाईत जराही खोट राहिली की वाकणं सुरू होतं आणि मग जाडी कामाला येत नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पोलादाची जाडी पाहून माणूस थक्क होतो, पण ते पोलाद एका जागी बसणाऱ्या घावासाठी असतं. पाणबुडीच्या पोलादावर घाव कुणी घालत नाही. त्याला सगळ्या अंगावर, तासन्‌तास, एकसारखं चेपून घ्यायचं असतं. म्हणून इथं जाडीइतकीच मोलाची असते ती गोलाई आणि सांध्यांची सचोटी.

हे काम माझगाव गोदीतल्या माणसांच्या हातचं. कलवरीचे पाच मोठे तुकडे वेगवेगळे बांधून, आतली यंत्रं बसवून, मग एकमेकांना जोडले गेले. गोदीला पाणबुडी नवी नव्हती. जर्मन आराखड्याची ‘शाल्की’ इथंच बांधली जाऊन १९९२ साली नौदलात आली, ‘शंकुल’ १९९४ मध्ये. पण त्यानंतर काम थांबलं. स्कॉर्पिनचा करार २००५ चा. कलवरीसाठी पोलादाला पहिला काप बसला तो २००६ च्या डिसेंबरात. मधल्या बारा वर्षांत ज्यांच्या हाताला ते वेल्डिंग बसलं होतं त्यातले बरेच निवृत्त झाले किंवा दुसरीकडे गेले. कारागिरी कागदावर ठेवता येत नाही, ती वापरातच टिकते. आणि हे पोलाद जोडताना तापमान, कांडीतला ओलावा, सांध्याचा क्रम, सगळं पाळावं लागतं. शेवटी प्रत्येक सांधा क्ष-किरणांखाली आणि ध्वनिलहरींनी तपासला जातो. १४ डिसेंबर २०१७ ला कलवरी नौदलात दाखल झाली तेव्हा भाषणं झाली, फिती कापल्या गेल्या. मी त्या दिवशी सलाम ठोकला तो या वेल्डरांना.

तरीही पाणबुडीचं खरं सौंदर्य पोलादात नाही, समतोलात आहे, असं माझं मत आहे. बुडालेली बोट आपल्या आकाराएवढ्या पाण्याइतकीच जड असली पाहिजे. किलोभर जड झाली तर ती खाली जात राहील, हलकी झाली तर वर. आणि हे गणित क्षणोक्षणी बदलत असतं. बोट खोल गेली की दाबाने अंग किंचित आक्रसतं, ते कमी पाणी बाजूला सारतं, म्हणून बोट जड ठरते. मग थोडं पाणी बाहेर टाकावं लागतं. टॉर्पेडो सुटला की टनाहून जास्त वजन एका झटक्यात जातं, त्याच्या जागी पाणी घ्यावं लागतं. डिझेल जळतं तसं अनेक पाणबुड्यांत टाकीत खालून समुद्राचं पाणी भरत जातं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून इंधन संपत जाईल तशी बोट उलट जड होत जाते. ४३ माणसं पन्नास दिवसांचं धान्य खातात, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. पावसाळ्यात खाड्यांमधून गोडं पाणी समुद्रात येतं तेव्हा पाणीच हलकं होतं. निखळ गोड्या पाण्यात १,७७५ टनांची बोट सुमारे ४३ टन जड पडेल. कोकण किनाऱ्यालगत फरक इतका टोकाचा नसला तरी पाण्याच्या एका थरातून दुसऱ्यात जाताना काही टनांचा झोल सहज पडतो. हे सगळं सांभाळून बोट जागच्या जागी, आवाज न करता, पाण्यात टांगल्यासारखी स्थिर ठेवणारा खलाशी हा माझ्या लेखी पखवाजावरच्या बुजुर्ग हाताइतकाच मोठा कलावंत आहे.

आवाजाचा विषय निघालाच आहे. नार्वालच्या काळात पाणबुडीला दिसण्याची भीती होती. कलवरीला ऐकू येण्याची. म्हणून तिच्या आतली यंत्रं आणि मजलेच्या मजले लवचिक आधारांवर बसवलेले आहेत, जेणेकरून इंजिनाची थरथर पोलादापर्यंत आणि तिथून पाण्यात जाऊ नये. चार डिझेल इंजिनं, बॅटरीचे ३६० घट, एकेक घट ७५० किलोचा. गुणाकार केला तर २७० टन, म्हणजे बोटीच्या वजनाचा जवळपास सहावा हिस्सा निव्वळ बॅटरी. जिम्नोतच्या ५६४ घटांचा हा थोरला वारसा.

वर्गातल्या दुसऱ्या बोटीचं नाव ‘खांदेरी’, आणि ते मला फार समर्पक वाटतं. थळसमोरच्या खांदेरी बेटावर १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी मोठ्या नौका पाठवून कोंडी केली. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ बुडाच्या, वल्ह्यांच्या. रात्री वारा पडला की इंग्रजांची शिडं लुळी पडत आणि या होड्या खडकांमधून धान्य आणि माणसं बेटावर पोचवत. ऑक्टोबरातल्या चकमकीत ‘डव्ह’ नावाची इंग्रजी नौका मराठ्यांच्या हाती लागली. किल्ला उभा राहिला. आज तो जागतिक वारशाच्या यादीतल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक आहे. फ्रान्समध्ये ॲडमिरल तेओफिल ओब यांचा विचार याच वळणाचा होता. ब्रिटिशांच्या महाकाय आरमाराशी तसंच महाकाय आरमार उभारून टक्कर देता येणार नाही. तेव्हा लहान, स्वस्त, नजरेआड राहणाऱ्या बोटींनी त्यांच्या मोठ्या जहाजांना हैराण करावं. १८८६ मध्ये ओब नौदलमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात जिम्नोतचं काम मंजूर झालं. समोरचा बलवान आरमारवाला दोन्ही वेळी इंग्रजच होता, आणि दोघांनीही त्याच्या उंच शिडांना वा जाड चिलखताला हात न लावता त्याच्या नजरेचा दुबळेपणा हेरला.

कलवरीत उणं काय, हेही सांगायला हवं. पहिली बोट ठरल्या वेळेपेक्षा काही वर्षं उशिरा आली. तिच्यासाठी योजलेला नवा जड टॉर्पेडो तिला वेळेवर मिळाला नाही, जुन्यावर भागवावं लागलं. पण माझ्या दृष्टीने मोठी उणीव दमाची. २० नॉटने पळाली तर बॅटरी काही तासांत संपते. हळू चालली तर दिवसांवर जाते, पण तेव्हाही केव्हा ना केव्हा पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्कलची नळी वर काढून डिझेल चालवावंच लागतं. नार्वालने जी तडजोड १८९९ मध्ये केली तीच ही. श्वास वरचा, लपणं खालचं.

यावरचं उत्तर अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेत तयार होत आहे. तिथं डीआरडीओच्या शास्त्रज्ञांनी इंधनघटांवर चालणारी, बाहेरच्या हवेवाचून वीज देणारी यंत्रणा विकसित केली. हायड्रोजन बोटीवरच तयार करायचा, साठवून ठेवायचा नाही, हे तिचं वैशिष्ट्य. ८ मार्च २०२१ ला तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली आणि २०२४ च्या डिसेंबरात ही यंत्रणा सामावणारा बोटीचा भाग बांधण्याचा करार माझगाव गोदीशी झाला. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी कलवरी वर्गातल्या बोटीचं अंग आडवं कापून मधे हा नवा तुकडा बसवायचा आहे. लांबी वाढणार, पाणी घासण्याचं क्षेत्र वाढणार, तेव्हा ते २० नॉटही थोडे कमी होतील. आणि हा तुकडा नुसता बसून चालणार नाही. त्याच्या आकाराएवढं पाणी जितकं भरेल तितकंच त्याचं स्वतःचं वजन भरलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच डुबकीत जुन्या बोटीचा सगळा तोल पुन्हा मांडावा लागेल.